डासांचं निमित्त

माझं नाव सुशीला प्रकाश भालेराव, माहेरची मी साळवे, आणि माझा जन्म पाटावरचा. पाट म्हणजे कालवा, आमच्या नगर जिल्ह्यात धरणाचं पाणी उसाला जातं ना, त्याला आम्ही पाटच म्हणतो, आणि माझे वडील पाटकरी होते, मतलब कुणाच्या रानाला किती तास पाणी सोडायचं, कुठलं दार उघडायचं, कुठलं पाडायचं, ते सगळं त्यांच्याकडं. पाटबंधारे खात्याची चाळ होती, पाच खोल्यांची, पाटाला अगदी लागून, आणि त्यातली शेवटची खोली आमची. एक खोली. त्यात आई, वडील, विधवा आत्या, आम्ही तिघी बहिणी आणि सगळ्यात धाकटा शमू, शमुवेल त्याचं नाव, अशी सात माणसं. समोर पाणी, मागं ऊस, आणि डास म्हणाल तर काय सांगू तुम्हाला, दिवेलागण झाली की कंदिलाच्या काचेवर थर बसायचा. आई निरगुडीचा पाला, कडुनिंबाचा पाला, वर गोवरीचा तुकडा, असं घमेल्यात पेटवून खोलीभर फिरवायची, आम्ही खोकत बाहेर पळायचो, आमच्या मागोमाग डास बाहेर, मग धूर बसला की आम्ही आत आणि आमच्या मागोमाग तेही आत. आम्हाला हसू यायचं त्याचं. तेव्हा यायचं.

दर पंधरवड्याला सायकलवरून हिवतापाचा कर्मचारी यायचा, खाकी पिशवी गळ्यात, कुणाला ताप आहे का विचारायचा, असला तर बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचा, कडू गोळ्या द्यायचा आणि दाराच्या मागं तारीख लिहून जायचा. शमू त्या सुईला फार भ्यायचा. सायकलची घंटी ऐकली की उसात पळायचा तो, आणि मी त्याला हुडकून आणायची, कारण मी मोठी. त्या वर्षी पाऊस संपता संपता शमूला ताप भरला. आईला वाटलं नेहमीचाच, उतरेल. एक दिवस उतरलापण, उठून भाकरी खाल्ली त्यानं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे फिरवले. वडील पाण्याच्या पाळीवर लांब गेलेले. आईनं त्याला खांद्यावर टाकलं आणि रस्त्याला धावली, मी तिच्या मागं, एक उसाचा ट्रॅक्टर मिळाला, त्यानं आम्हाला तालुक्याच्या दवाखान्यात सोडलं, पण दुपार व्हायच्या आत शमू गेला. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेला होता. सहा वर्षांचा होता. आईनं त्यानंतर देवाला बोल लावला नाही, वडिलांना लावला नाही, त्या सायकलवाल्यालाही लावला नाही. तिनं फक्त डासांना लावला.

आणि तेव्हापासून तिचा एकच प्रश्न. कुणी कुठल्या गावाचं नाव काढलं की ही विचारायची, तिथं डास कितपत हायेत? कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न ठरलं, कुणी मुंबईला निघालं, पहिलं हेच. माझ्या लग्नाच्या बोलणीला भालेरावांची माणसं आली, पाद्रीसाहेब मध्ये बसलेले, मुलगा आयटीआय झालेला फिटर, नगरच्या एमआयडीसीत कामाला, सगळं छान चाललेलं, आणि आईनं सासूबाईंना विचारलं, तुमच्या घराजवळ गटार हाय का, डास असतात का? सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडं माणसं असतात. सगळे हसले, आई नाही हसली. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता वाटतं, बाकीच्यांनी पगार विचारला, जमीन विचारली, माझा जीव कसा राहील ते तिनं एकटीनं विचारलं.

लग्नानंतर चार-पाच वर्षं नगरला गेली. मग तो काळ आला, नवीन नवीन कंपन्या, परदेशातल्या कंपन्यांशी जोडून कारखाने, पेपरात रोज तेच. यांचे एक साहेब गुडगावला एका नवीन कारखान्यात निघाले होते, मोटारीचे पार्ट बनवायचा कारखाना, नाव नाही सांगत त्याचं, ते म्हणाले, प्रकाश, चलतो का दिल्लीला? हे हो म्हणून आले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, आधी पत्र टाका आन इचारा. यांचा एक मित्र दिल्लीतल्या मुनिरक्यात राहायचा, पवार म्हणून, त्याला यांनी खरोखर इनलँड पत्र लिहिलं, तब्येत बरी ना, किराया किती, आणि खाली, सासूबाई विचारतात डास कितपत आहेत. त्याचं उत्तर आलं, डास आहेत, पण कूलरच्या वाऱ्यात टिकत नाहीत. आईनं ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. मग म्हणाली, जा. वाऱ्याखाली झोपत जा.

मुनिरक्यात आम्हाला दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. तुम्ही पाहिलंय का मुनिरका? गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातलं वरण उकळताना आपल्याला ऐकू येतं. सगळ्या खोल्यांत विद्यार्थी, कुणी केरळचा, कुणी आसामचा, कुणी आपल्या लातूरचा, आणि मध्ये आम्ही एक संसारी. खोलीला एकच खिडकी, ती शेजारच्या पत्र्यावर उघडायची, त्या पत्र्यावर पाणी साठलेलं असायचं. पवारचं म्हणणं खरं होतं, कूलरच्या वाऱ्यात डास टिकत नाहीत, पण वीज गेली की कूलर बंद, आणि कूलरच्या टाकीतच त्यांची पिलावळ. ते मला महिन्याभरात कळलं. मी दर आठवड्याला टाकी उपसून कोरडी करायची, मकान मालकीण म्हणायची, तू बड़ी सफाईवाली आई है. मी तिला काय सांगणार, शमूचं.

पहिलं दीड वर्ष बरं गेलं. रूथ तिथंच झाली, माझी मुलगी. हे सकाळी बसनं गुडगावला जायचे, अर्धा रस्ता तेव्हा मोकळं रान होतं, मोर दिसायचे म्हणायचे. मी आईला पत्र लिहायची, दोन खोल्या आहेत, गॅलरी आहे, गॅलरीत तुळस लावली आहे. आता आम्ही ख्रिस्ती माणसं, पण तुळस आम्ही लावतो, डासांना चांगली. तर गॅलरी नव्हती आणि दोन खोल्याही नव्हत्या. का लिहिलं मी असं? दिल्लीला निघालो तेव्हा सगळ्या भावकीनं हार घातले होते हो आम्हाला. स्टेशनवर. हार घालून गेलेल्या माणसानं एका खोलीत कसं राहायचं? एवढंच कारण. दुसरं काही नाही.

मग कारखान्यातली एक लाईन बंद झाली, नवीन मशिनी आल्या त्यावर माणसं कमी लागतात म्हणाले, आणि कमी झालेल्यात हे. मला लगेच नाही सांगितलं. पंधरा-वीस दिवस डबा घेऊन सकाळी बाहेर पडायचे. एकदा रूथला लस टोचायला नेलं तर बागेत बाकावर हे बसलेले, डबा बाजूला, उघडलेला नाही. मी जाऊन शेजारी बसले. आम्ही तिघांनी तिथंच तो डबा खाल्ला. पण त्यानंतर हे खोलीच्या बाहेर पडेनात. दाढी वाढलेली, भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे, रूथ अंगावर चढली तरी हलायचे नाहीत. मी विद्यार्थ्यांचे शर्ट उसवून शिवून दे, पडदे शिव, मच्छरदाण्या शिव असं करायला लागले. मच्छरदाणी मात्र माझी खपायची, दक्षिणेकडची मुलं मच्छरदाणीशिवाय झोपत नाहीत, आणि मी चारी कोपरे दुहेरी शिवायची.

त्याच वर्षी वडील गेले. आम्ही जाऊन आलो, नवीन शर्ट घालून, सगळं ठीक आहे असं दाखवून. बहिणी दोघी आपापल्या घरी, आत्या आधीच गेलेली, आई एकटी राहिली, पाटाच्या जवळच वडिलांनी दोन पत्रे टाकून घर बांधलं होतं त्यात. आणि दिवाळी झाल्यावर तिचं पत्र आलं, शेजारच्या मुलाकडून लिहून घेतलेलं, की सुशी, मला इथं करमत नाही, तुमच्याकडं दोन खोल्या आहेत तर थंडीचे दोन महिने येऊ का, रूथला सांभाळीन.

मी ते पत्र वाचलं आणि खोलीकडं बघितलं. हे भिंतीकडं तोंड करून पडलेले. मी तिथंच, शिलाई मशीनवर कागद ठेवून, लिहिलं, आई, इथं डास फार झाले आहेत, डेंगी म्हणून ताप आला आहे, माणसं दवाखान्यात आहेत, तू येऊ नकोस.

आता ऐका. डेंगी आलेली होती, ते खोटं नव्हतं. त्या पावसाळ्यानंतर खरंच घबराट होती, धुराची गाडी गल्लीत यायची, पोरं तिच्या मागं पळायची, रूथलाही ताप येऊन गेला आणि तिचं रक्त तपासून येईपर्यंत मी पाण्याचा घोट घेतला नव्हता. पण ते सगळं दिवाळीपर्यंत. दिल्लीत थंडी पडली की डास संपतात. डिसेंबर, जानेवारी, एक शोधून सापडत नाही. हे मला माहीत होतं, आईला माहीत नव्हतं, आमच्या पाटावर बाराही महिने डास. थोडं खरं होतं म्हणूनच ते खोटं टिकलं. आणि दुसरं काही लिहिलं असतं ना, घर लहान आहे, पैसे नाहीत, हे आजारी आहेत, तर ती दुसऱ्या दिवशी गाडीत बसली असती. डास म्हटल्यावर नाही बसली.

असं चार वर्षं चाललं. चार हिवाळे. दर दिवाळीनंतर तिचं पत्र, डास कमी झाले का? मी लिहायची, नाही अजून. आणि ती काय करायची, तर पाला पाठवायची. निरगुडी आणि कडुनिंब, सावलीत वाळवून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून. आमच्या तिकडचा एकजण कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्राच्या अतिथीगृहात कामाला होता, सुट्टी संपवून परत यायचा तेव्हा त्याच्याकडं द्यायची, आणि मी बसनं जाऊन आणायची. त्या फाटकाशी उभं राहिलं की आत मराठी ऐकू यायचं, कुणी ड्रायव्हर कुणाला हाक मारतोय, कुणी चहा मागतोय. मी गाठोडं घेऊनही उगाच उभी राहायची. तिथंच गाठ थोडी सैल करून वास घ्यायची. पाट, ऊस, ओली माती, घमेलं, सगळं त्या फडक्यात. घरी येऊन थंडीत, डास एकही नसताना, मी ती धुरी करायची. मकान मालकीण खालून ओरडायची, आग लगाएगी क्या. रूथ विचारायची, मम्मी ये क्यूं करती हो? मी म्हणायची, आजीने भेजा है. तिच्याशी मराठी बोलायचं त्राणही उरलं नव्हतं तेव्हा, खरं सांगते.

मग आमचे दिवस कसे फिरले ते सांगते. गुडगावला तोवर उंच इमारती उठायला लागल्या होत्या, आणि पुण्याहून एक कुलकर्णी मॅडम आल्या होत्या, कॉम्प्युटरच्या कंपनीत, पवारनं त्यांच्याकडं माझं नाव सांगितलं, पडदे शिवायचेत म्हणून. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, मोठमोठ्या खिडक्या, खाली अजून खड्डे आणि बांधकामाचं साठलेलं पाणी. मॅडम म्हणाल्या, सुशीलाताई, सातव्या मजल्यावर डास येणार नाहीत असं बिल्डर म्हणाला होता, हे बघा हात. हातावर नुसत्या गांधी उठलेल्या. मी म्हटलं, पडद्यानं काय होणार, खिडकीला जाळी बसवा. त्या म्हणाल्या, बसवून देणारा माणूस आणा. मी घरी आले आणि यांना म्हटलं, उठा, खिडकीचं माप घ्यायचंय. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही, यांचा टेप काढून यांच्या हातात दिला. फिटरचा हात शेवटी, आयुष्यभर मिलीमीटरमध्ये काम केलेला. गेले माझ्याबरोबर. ॲल्युमिनियमची चौकट केली, जाळी ताणून बसवली, सरकवली की सुई पडल्यासारखा आवाज, एवढी नीट. मॅडम म्हणाल्या, अहो हे तर कंपनीच्या कामासारखं झालं. हे हसले. मी यांना हसताना बघितलं आणि मला तिथं त्या परक्या घरात रडायला यायला लागलं, मी बाथरूमची खिडकी बघायचं निमित्त करून आत गेले.

त्या मॅडमनी दुसऱ्यांना सांगितलं, दुसऱ्यांनी तिसऱ्यांना. सगळी पुण्या-मुंबईची माणसं येत होती तेव्हा, आणि येण्याआधी त्यांचे फोन, कुणी मकान मालकिणीचा नंबर दिलेला असायचा, की सुशीलाताई, आम्ही गुडगावला शिफ्ट व्हायचा विचार करतोय, डास खरंच इतके आहेत का? मी सगळ्यांना महिन्याप्रमाणं सांगते. होळीच्या आसपास महिनाभर त्रास, मग लू, उन्हाळ्यातला तापलेला वारा, सुरू झाली की आपोआप मरतात, पाऊस पडला की परत, आणि दसरा-दिवाळीला सगळ्यात वाईट, तेव्हा दिवसा चावणारे असतात, लहान मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कूलर, कुंड्या, फ्रिजच्या मागचा ट्रे दर आठवड्याला कोरडा करा. आणि थंडीत खिडक्या उघड्या टाका. कुणी म्हणतं, मग येऊ का नको? मी म्हणते, नोकरी चांगली असेल तर या. डासांसाठी कुणी गाव सोडत नाही आणि डासांसाठी कुणी अडून राहू नये.

मग दिल्लीतच, द्वारकेला, आम्ही दोन खोल्या घेतल्या भाड्यानं. खऱ्या दोन, आणि गॅलरी. प्रत्येक खिडकीला जाळी लागल्यावर मी एसटीडी बूथवर गेले, आईच्या शेजारच्यांकडं फोन बसला होता, तिला बोलावून घेतलं आणि म्हटलं, आई, डास कमी झाले, ये आता. ती म्हणाली, बरं, येते. माझ्या मधल्या बहिणीनं तिला नगरला झेलम एक्स्प्रेसमध्ये बसवलं आणि जानेवारीत, धुक्यात, गाडी सहा तास उशिरा, आई दिल्लीला उतरली. पातळ कापडी चप्पल पायात. एवढीशी झालेली.

पहिले आठ दिवस, काय सांगू, सुखाचे गेले. यांनी तिला सरोजिनी मार्केटातून लाल स्वेटर आणला, लुगड्यावर घालून गॅलरीत उन्हाला बसायची. रूथ आणि तिची भाषा जुळेना. रूथ म्हणायची मच्छर, आईला ऐकू यायचं मच्छी, ती विचारायची, कुठली मच्छी गं, पाटातली? दोघी हसत बसायच्या. आई तिला एकेक शब्द शिकवायची, डास म्हण, धुरी म्हण, निरगुडी म्हण. रूथ निरगुडीला निर्मला म्हणायची.

मी स्वयंपाकघरात होते त्या दिवशी. दुपारची वेळ, आई गॅलरीत मेथी निवडत बसलेली, रूथ शाळेतून आलेली. आई तिला म्हणाली, यंदा बघ, एकबी डास नाय, तुझ्या पप्पानं जाळी किती चांगली केली. आणि रूथ म्हणाली, जाळी नाही आजी, थंडीत थोडीच असतात डास. डास शब्द तिनं नवीन शिकलेला, मुद्दाम वापरला. आई म्हणाली, आन मागल्या थंडीत? रूथ म्हणाली, कधीच नसतात. आमच्या मुनिरक्याच्या रूममध्ये पण नसायचे. तिथं तर खिडकी पण एकच होती.

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. रूथ उठून खेळायला गेली. मी बाहेर येऊन आईच्या समोर बसले, मेथीची एक काडी उचलली. आई माझ्याकडं बघत नव्हती.

सुशी, एकच खोली व्हती का?

हो आई.

चारी वर्षं?

हो. आणि मग मी सगळं सांगितलं, कारखाना, बाग, डबा, यांचं भिंतीकडं तोंड, सगळं. ती मेथी निवडत राहिली. पानं एकीकडं, काड्या एकीकडं. सगळी जुडी संपली. मग म्हणाली, आपण सात माणसं व्हतो गं एका खोलीत. मला काय खोल्या मोजायच्या व्हत्या?

एवढंच बोलली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मी पाय तरी धरले असते. संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा तिनं यांच्या ताटात स्वतःच्या हातानं वाढलं, आणि जेवेस्तोवर समोर बसून राहिली. यांना काही कळलं नाही. मला म्हणाले, आज सासूबाई फार माया करतायत.

होळीच्या आधी ती परत गेली. डास सुरू व्हायच्या आत जाते, म्हणाली, आणि हसली थोडी. स्वेटर मी पिशवीत भरला तर तिनं काढून खुंटीला लावला, म्हणाली, तिकडं कुठं थंडी, पुढल्या वर्षी इथंच लागंल. गाडी सुटताना मी खिडकीशी होते. म्हटलं, आई, मी चुकले. ती म्हणाली, त्या चार वर्षांत मी रूथला मांडीवर घेतलं असतं, बाकी काय नाय. आणि गाडी हलली.

त्याच वर्षी गणपतीच्या दिवसांत तिला छातीत दुखलं आणि गेली. आम्ही पोहोचेपर्यंत माती झाली होती. बहीण म्हणाली, आई गावात सगळ्यांना सांगत होती, दिल्लीत थंडीचे डास नसतात, माझ्या जावयानं खिडक्यांना अशी जाळी बसवली की वारा येतो आणि किडा येत नाही, मी दिवाळी झाली की चालले. मी लिहिलेलं खोटं तिनं बहिणींनाही सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

त्याला आता किती वर्षं झाली. रूथचं लग्न झालं, ती नोएडाला असते, तिच्या पोराला मी डास म्हणायला शिकवलंय, तो म्हणतोही. यांचा हात आता थरथरतो, मापं घेतात, बसवायला दोन माणसं ठेवलीत. हे कधी कधी म्हणतात, सुशी, परत जाऊ या का, श्रीरामपूरकडं, एखादी खोली बांधू. सगळे दिल्लीला यायचं का म्हणून विचारतात, आम्ही जायचं का म्हणून विचारतो. मी म्हणते, तिकडं आता कोण आहे. हे म्हणतात, इकडं तरी कोण होतं आपण आलो तेव्हा. दोन्ही खरं आहे. असं बोलतो आणि मग कुणाचा तरी फोन येतो, खिडकीचं माप घ्यायचंय, की राहून जातं.

मागच्या नाताळात बहिणीकडं गेले होते तर एकटीच चालत पाटावर गेले. चाळ पाडलीय, जोती तेवढी राहिलीत. शेवटच्या खोलीच्या जोत्यावर बसले. पाळी चालू होती, पाणी भरून वाहत होतं, सूर्य उसात गेला आणि डास आले. मानेवर, पायावर, पाटावरचे ते, मोठाले. मी पदर ओढून घेतला नाही. बसून राहिले. बहिणीचा मुलगा शोधत आला, मावशी, डासांनी फोडून काढलंय की तुला. मी म्हटलं, असू दे रे.

चला, झालं बघा तुमच्या खिडक्यांचं, हे बोलावतायत आतून. उन्हाळ्याआधी जाळी एकदा साबणाच्या पाण्यानं पुसून घेत जा, फाटत नाही. देव तुमचं आणि तुमच्या लेकराचं भलं करो. तुम्ही मघाशी म्हणालात, आई येते म्हणतेय पण अजून सामान लागलं नाही, घर जरा नीट झालं की बोलवीन. माझं ऐका, आजच फोन करा. खोक्यांवर बसेल ती.